कालीधारेवरचा सिमरू

तोली गावच्या बायकांनी आश्लेषाची घागर झऱ्याच्या धारेखालून उचलून बाजूला ठेवली, तेव्हा जून निम्मा सरला होता आणि गावातल्या एकशे बारा मेंढ्या मेल्या होत्या.

घागर उचलली ती हिराने. हिरा म्हणजे आश्लेषाच्या नवऱ्याची, दिवानसिंहाची, थोरली बहीण. मेलेल्या मेंढ्यांपैकी चाळीस तिच्या होत्या.

"इथं भरायचं नाही," हिरा म्हणाली. "नदीवर जा."

"दीदी, नदी अर्धा तास खाली आहे."

"असू दे. माझ्या मेंढ्या वर बुग्याळातल्या गवतात तोंडाला फेस येऊन तीन दिवस पडल्या होत्या. तेव्हा तुझ्या केंद्रातलं कोणी अर्धा तास चढून आलं नाही."

बाकीच्या चौघीजणी पुढे सरकल्या. एकीने आपला हंडा धारेखाली सरकवला आणि पाण्याचा आवाज बदलला. आश्लेषाने रिकामी घागर उचलली आणि ती खालच्या वाटेला लागली. याच बायकांनी पाच वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात माळा घातल्या होत्या. त्या माळा तिनेच लावलेल्या झुडपांच्या पानांच्या होत्या.

आश्लेषा बिवलकर मूळची चिपळूणची. वनस्पतिशास्त्रात संशोधन करायला म्हणून वयाच्या सव्विसाव्या वर्षी ती कुमाऊँच्या या टोकाच्या खोऱ्यात आली, आणि तोलीच्या वर साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या संशोधन केंद्रात रुजू झाली. दोन वर्षांनी तिने दिवानसिंहाशी लग्न केलं. तो मेंढपाळ होता, आणि डोंगर त्याच्याइतका कोणाला कळत नव्हता.

तो काळ डोंगर सुटण्याचा होता. शेकडो वर्षं गोठून राहिलेली जमीन उन्हाळ्यात वितळू लागली होती. दगडमातीला धरून ठेवणारं बर्फ गेलं, की उतार नुसता ढिगारा उरतो. पहिला मोठा पाऊस आला की तो खाली येतो. तोलीच्या डोक्यावर असाच एक उघडा उतार होता, कालीधार नावाचा. त्यात वीतभर रुंदीची भेग पडली होती आणि ती दर महिन्याला बोटभर वाढत होती.

केंद्राने त्यावर उपाय शोधला तो सिमरूचा. सिमरू हे तिथलंच झुडूप. लाल फुलांच्या बुरांश झाडाच्याच कुळातलं, पण बुरांश जिथे थांबतो तिथून वर उगवणारं, बारमाही हिरवं, वसंतात जांभळट फुलांनी भरून जाणारं. थंडी कडक पडली की ते आपली चामड्यासारखी पानं खाली झुकवतं आणि बिडीसारखी गुंडाळून घेतं, म्हणजे कोवळं ऊन आणि दहिवर यांच्या माऱ्यात पान फाटत नाही. पेशींत साखर साठवून आतलं पाणी गोठू देत नाही. आणि त्याच्या केसासारख्या मुळांत एक बुरशी राहते. नापीक, आंबट मातीतून अन्न ओढून ती झाडाला देते, झाड तिला साखर देतं. मुळं आणि बुरशीचे धागे मिळून मातीत असं जाळं विणतात, की मूठभर माती उचलावी तर पोळीसारखा सगळा थर उचलला जातो.

खोट एकच होती. थंडीत टिकायचं तर सावकाश वाढावं लागतं, म्हणून सिमरूला माणसाएवढं व्हायला तीस वर्षं लागतात. तोलीकडे तीस वर्षं नव्हती. केंद्राच्या प्रयोगशाळेत सिमरूच्या जनुकांतला वाढीचा लगाम सैल केला गेला. नवा सिमरू तीन वर्षांत कमरेइतका झाला. तो रानात पसरू नये म्हणून त्याला गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच दिले. तिनाचे सारखे दोन भाग पडत नाहीत, त्यामुळे अशा झाडाला फुलं येतात पण बी धरत नाही.

२०४१ साली कालीधारेवर लागवड सुरू झाली. गाव आधी तयार नव्हतं. दिवानसिंह नंदादेवीच्या देवळात गेला, पायरीवर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाला, "याला बी धरत नाही. हे जिथं लावू तिथंच राहील. माझा शब्द आहे." मग गाव आलं. पाच उन्हाळ्यांत तीस हजार रोपं लागली.

पाचव्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, तीन दिवस सलग ढग फुटले. समोरचा डोंगर अकरा घरं घेऊन नदीत गेला. कालीधार हलली नाही. गळ्यात माळा पडल्या त्या तेव्हा.

आता तोच सिमरू बुग्याळात शिरला होता. बुग्याळ म्हणजे जंगलाच्या वरचं गवताचं कुरण, मेंढ्यांचं सगळं उन्हाळी अन्न. तीन वर्षांपूर्वी गवतात एखाददुसरं रोप दिसायचं, यंदा अर्धं कुरण त्याने व्यापलं होतं. सिमरूच्या पानात विष असतं, हे डोंगरातल्या प्रत्येक मेंढीला माहीत असतं. पानाच्या पोटाला तांबूस लव असते, ती जिभेला लागली की मेंढी तोंड फिरवते. पण नवा सिमरू इतक्या घाईने वाढत होता की विष आधी तयार व्हायचं आणि लव मागून यायची. मेंढ्यांनी गुळगुळीत कोवळी पानं गवतासारखी खाल्ली. ते विष हृदयाच्या पेशींवरची बारीक दारं उघडी ठेवून अडकवतं. दार मिटत नाही, पेशीला विश्रांती मिळत नाही, ठोके मंदावत जातात.

आश्लेषाने पहिल्या मेंढीचं पोट फाडलं तेव्हा दिवान शेजारी उकिडवा बसला होता. जठरातून पानांचा हिरवा लगदा निघाला. त्याने तो बोटांनी चिवडला.

"हे इथं आलं कुठून?" त्याने विचारलं.

"खालच्या रानटी सिमरूशी संकर झाला असावा."

"याला बी धरत नाही ना?"

आश्लेषाने हातमोजे काढले आणि पाण्याची बाटली शोधू लागली. त्याने प्रश्न पुन्हा विचारला नाही, पण तेव्हापासून तो घरात कमी बोलू लागला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात केंद्राचे संचालक डॉ. भास्करन हेलिकॉप्टरने आले. साठीचे, काटक, मृदू आवाजाचे गृहस्थ. त्यांनी आश्लेषाला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"उपाय तयार आहे," ते म्हणाले. "सिमरूच्या मुळांतली बुरशी मारणारा विषाणू. ड्रोनने फवारायचा. बुरशी मेली की झुडूप उपाशी मरतं. दोन वर्षांत कुरण मोकळं. फक्त ग्रामसभेची संमती हवी. परवा सही घेऊ."

"फक्त कुरणावर फवारणार?"

"विषाणू धाग्यांतून पसरतो, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. कुरणातला सिमरू आणि कालीधारेवरचा सिमरू आता खालून एकच आहेत."

"म्हणजे कालीधारही मरणार."

"मुळं लगेच कुजत नाहीत."

"मी मोजलंय, सर. मेलेल्या झुडपांची मुळं ओढून पाहिलीत. दुसऱ्या वर्षी ताकद निम्मी होते. चौथ्या पावसाळ्यात कालीधार गावावर येईल."

"तोपर्यंत गाव हलवता येईल."

"हे गावाला सांगणार आहात?"

भास्करननी चष्मा काढून पुसला. "सांगितलं तर सही मिळेल का? आणि सही मिळाली नाही, तर हे झुडूप पुढच्या खोऱ्यात जाईल, त्याच्या पुढच्या खोऱ्यात जाईल. मी एका गावाचा विचार करू की सगळ्या डोंगराचा?"

"मग मी सांगते."

"सांगा." त्यांचा आवाज तसाच मृदू होता. "पण मग लोक विचारतील की बी धरल्याचं पहिल्यांदा कधी दिसलं. चौथ्या वर्षीच्या अहवालात 'फळ नाही' असं कोणी लिहिलं? कालीधारेवरच्या कॅमेऱ्यातला एक फोटो माझ्याकडे आहे. झुडपाला फळ आहे, आणि फळाजवळ तुमचा हात आहे."

आश्लेषा खुर्चीतून उठली. "तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"तेव्हापासून. मीही गप्प बसलो. आपण दोघंही एकाच दोरीला बांधलेले आहोत, मॅडम."

ते फळ तिला ऑक्टोबरातल्या एका सकाळी दिसलं होतं. करंगळीच्या पेराएवढी वाळकी बोंडी, पाच ठिकाणी उकललेली. आत धुळीसारखं बी. हजारांत एखादं बीजांड विभागणीच चुकवतं आणि सगळी गुणसूत्रं ठेवून घेतं. त्यावर रानटी फुलाचा पराग पडला, की तीन संचांचं सगळं गणित मोडतं. हे पुस्तकात तिने वाचलेलं होतं. बोंडी तिने चुरगळून बुटाखाली घातली होती. त्या वेळी कालीधारेचा वरचा भाग अजून उघडा होता. फळाची बातमी गेली असती तर लागवड त्याच दिवशी थांबली असती आणि चौकशीत दोन वर्षं गेली असती. एकच बोंडी आहे, आपण लक्ष ठेवू, असं तिने मनाशी म्हटलं. पुढच्या वर्षी गाव वाचलं, माळा गळ्यात पडल्या आणि मग ते सांगणं दर वर्षी जास्त अवघड होत गेलं.

त्या दुपारी ती दिवानला शोधत वाड्यावर गेली. वाडा म्हणजे मेंढ्यांचं दगडी आवार. तो एका लंगड्या मेंढीचा खूर साफ करत होता. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बोंडी, अहवाल, फोटो, फवारणी, काहीही वगळलं नाही.

दिवानने ऐकताना काम थांबवलं नाही. खूर साफ झाला, त्याने मेंढीला सोडून दिलं, सुरी पँटला पुसली.

"मी देवळाच्या पायरीवर हात ठेवला होता," तो म्हणाला.

"हो."

"तेव्हा ते खरं होतं?"

"तेव्हा खरं होतं. त्यानंतर चौथ्या वर्षी नव्हतं राहिलं."

"म्हणजे सहा वर्षं मी गावात खोटा फिरतोय, आणि मला ते माहीतच नव्हतं. लोक विचारायचे, मी म्हणायचो, माझा शब्द आहे. रोज संध्याकाळी तुझ्यासमोर बसून जेवायचो." तो उठला. "तू मला सांगितलं असतंस तर मी तुझ्याबरोबर खोटं बोललो असतो, आशू. गावासाठी बोललो असतो. पण तेव्हा ते मी ठरवलेलं असतं."

"दिवान, मी गाव वाचवायला—"

"माहीत आहे. म्हणूनच तुझ्यावर हात उचलावा असंही वाटत नाही. नुसतं तुझ्याजवळ बसवत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उरलेल्या मेंढ्या एकत्र केल्या आणि खिंडीपलीकडच्या खोऱ्यात निघाला. तिकडे अजून गवत होतं. जाताना एवढंच म्हणाला, "सभेत तूच बोल. मी तुझ्या बाजूनेही बोलणार नाही, विरुद्धही नाही."

सभा शाळेच्या अंगणात भरली. गावचे प्रधान कल्याणसिंह मध्ये खुर्चीवर, शेजारी भास्करन, टेबलावर संमतीचा कागद आणि पेन. भास्करननी पंधरा मिनिटं सुरेख भाषण केलं. कुरण परत मिळेल, मेलेल्या मेंढ्यांची भरपाई मिळेल. लोक माना डोलवू लागले. कल्याणसिंहांनी पेन उचललं.

"प्रधानजी, थांबा," आश्लेषा म्हणाली.

आधी कोणी तिच्याकडे पाहिलंच नाही. मग तिने कालीधारेचं नाव घेतलं, आणि माना वळल्या. फवारणीनंतर मुळांचं काय होईल ते तिने साध्या शब्दांत सांगितलं. चौथा पावसाळा, असं ती म्हणाली तेव्हा बऱ्याच जणांच्या नजरा वर, त्या हिरव्या उताराकडे गेल्या. मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. बोंडी कधी सापडली, अहवालात काय लिहिलं.

मागून एक दगड आला. तिच्या खांद्याला लागून टेबलाखाली पडला. एका म्हाताऱ्याने तिच्या पायाशी थुंकून तोंड फिरवलं. चार-पाच जण एकदम ओरडू लागले. दिवानसिंहाला बोलवा, खोटारडी, हिला खाली हाकला. भास्करन डोळे मिटून बसले होते.

हिरा उठली तसा आवाज कमी झाला.

"त्या वर्षी तू खरं लिहिलं असतंस, तर काय झालं असतं?"

"लागवड थांबली असती. पुढच्या पावसात बहुतेक गाव गेलं असतं."

"बहुतेक?"

"खात्रीने नाही सांगता येत, दीदी."

"आणि आम्हाला विचारलं असतंस तर? अहवालात काय लिहायचं ते राहू दे. इथं, या अंगणात येऊन विचारलं असतंस, की बाबांनो, असं असं दिसलंय, काय करू या?"

 सहा वर्षांत आश्लेषाने अनेक शक्यता मांडून पाहिल्या होत्या, ही एकदाही मांडली नव्हती.

"नाही विचारलं," ती म्हणाली.

"नाही विचारलंस. हा साहेबही विचारत नव्हता. एकीने आमचा जीव वाचवायचं परस्पर ठरवलं, दुसऱ्याने आमचं गाव बुडवायचं परस्पर ठरवलं." हिरा कल्याणसिंहांकडे वळली. "कागद परत द्या, प्रधानजी. कुरणातलं आपण हाताने उपटू."

"लाखो रोपं आहेत," भास्करन म्हणाले. "आणि कालीधार बी सोडतच राहील. दर वर्षी नवी उगवतील."

"मग कालीधारेला फुलू द्यायचं नाही. कळ्या खुडायच्या."

"त्या उतारावर? माणूस उभा राहू शकत नाही तिथं."

"तुमची माणसं नसतील राहत," हिरा म्हणाली. "आमच्या आयांनी याहून उभ्या कड्यांवरून दोर बांधून गवत कापून आणलंय. मीही आणलंय."

भास्करननी उरलेला तास बरंच काही सांगितलं. कायद्याची भीती घातली, शेजारच्या खोऱ्यांचा हवाला दिला. आश्लेषा मनातल्या मनात हिशेब मांडत होती. एवढे हात, एवढे दिवस, एवढी झुडपं. जमण्यासारखं नव्हतं, पण अगदी अशक्यही नव्हतं. कुरण दोन तुकड्यांत वाटून घेतलं, बी धरण्याआधीचे सात आठवडे नीट साधले, तर निदान सीमा धरून ठेवता येणार होती. ती ते मोठ्याने बोलली. कोणी तिला हो म्हटलं नाही, पण कल्याणसिंहांनी सात आठवड्यांचा आकडा संमतीच्या कागदाच्या मागे लिहून घेतला.

सभा उठताना एकजण म्हणाला, "आणि हिचं काय? पाठवून द्या हिला हिच्या मुलखाला."

"ही कुठे जात नाही," हिरा म्हणाली. "जाणं सोपं आहे. हिने लावलंय, ही उपटेल. जोवर गवतात एक रोप आहे तोवर."

आश्लेषाची नोकरी जुलैतच गेली. चौकशी बसली. भास्करननी फोटो समितीला दिला आणि तो स्वतः किती दिवस जवळ ठेवला होता ते सांगितलं नाही. आश्लेषाने मात्र सांगितलं, तेव्हा त्यांचंही पद गेलं. पत्रकार आले, एका उन्हाळ्यापुरते. फवारणी तहकूब झाली. चिपळूणहून आईचे फोन येत, परत ये म्हणून. आश्लेषा म्हणायची, बघते.

ती गेली नाही. गावाच्या टोकाला केंद्राचं एक जुनं पत्र्याचं गोदाम होतं, तिथे राहू लागली. रोज बायकांबरोबर कुरणात चढायची आणि रांगेच्या शेवटी बसायची. तिच्यात आणि तिच्या शेजारणीत नेहमी दोन हातांचं अंतर असे. भाकरी सोडायची वेळ झाली की सगळ्या एका बाजूला बसत. सिमरूच्या चिकाने हातांना फोड येत, इतर बायका एकमेकींच्या हातांना तूप लावत. ती स्वतःच्या हातांना स्वतः लावायची. पाणी ती अजून नदीवरूनच आणत होती.

ऑक्टोबरमध्ये दिवान मेंढ्या घेऊन खाली जाताना गावातून गेला. बहिणीकडे उतरला. आश्लेषा दिसल्यावर त्याने विचारलं, "कुरण किती मोकळं झालं?"

"एक अष्टमांश."

"पुढच्या वर्षी मेंढ्या इथे आणता येतील?"

"थोड्या. वरच्या कोपऱ्यात."

त्याने मान हलवली. ती आणखी काही म्हणेल म्हणून क्षणभर थांबला, मग चालू पडला.  पुढच्या उन्हाळ्यात त्याने पन्नास मेंढ्या वरच्या कोपऱ्यात आणल्या. तो मेंढ्यांपाशीच तंबूत झोपत होता.

मे महिन्यात कालीधारेवर कळ्या धरल्या. गावातल्या सोळा जणी आणि नऊ पुरुष दोर घेऊन वर गेले. रीत अशी, की दोर कमरेला बांधून एकाने खाली उतरायचं आणि दुसऱ्याने वर बसून दोर धरायचा. जोड्या लागल्या. चोवीस जणांच्या बारा जोड्या झाल्या. पंचविसावी आश्लेषा. तिने दोर कमरेला गाठ मारून बांधला आणि दुसरं टोक हातात घेऊन उभी राहिली. ते खडकाला बांधावं म्हणून तिने आजूबाजूला पाहिलं, पण वर बांधण्याजोगा खडक नव्हता.

हिराने आपल्या जोडीदारणीला शेजारच्या जोडीत पाठवलं. मग ती चालत आली, आश्लेषाच्या हातातून टोक घेतलं, कमरेभोवती दोन वेढे दिले आणि टाचा मातीत रोवून बसली.

"माझा राग गेला असं समजू नकोस," ती म्हणाली.

"नाही समजत."

"मरेपर्यंत जायचा नाही."

"बरं."

आश्लेषा काठावरून खाली उतरली. झुडपांच्या फांद्या छातीला लागत होत्या, कळ्यांची टोकं नुकती जांभळी झाली होती, आणि खूप खाली तोलीची पत्र्याची छपरं चमकत होती. तिने पाय टेकायला जागा चाचपली. वरून दोर ताठ झाला.

"डावीकडे," हिरा ओरडली. "उजवा दगड सुटा आहे, आंधळे. डावीकडे ठेव पाय."

आश्लेषाने पाय डावीकडे ठेवला आणि पहिली कळी खुडली.